फुंकणीतून ऐकलेलं काळीज

२०२३ साल. मला बहात्तर पुरी होऊन त्र्याहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी तिसरीपर्यंतची. चौथीच्या पहिल्याच आठवड्यात गुरुजींशी एका गणितावरून माझं वाजलं, मी पाटी तिथेच ठेवून घरी आलो आणि परत गेलो नाही. गणित कुणाचं बरोबर होतं ते आता आठवत नाही. पुढे अक्षरं माझी मी जुळवली, इंजिनांच्या माहितीपत्रकांवरची. छापलेलं मी सावकाश वाचतो. हातानं लिहिलेलं, त्यातून डॉक्टरनं लिहिलेलं, मला लागत नाही.

काम मी इंजिनांचं केलं. आधी मिरजोळ्याला एमआयडीसीत दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये, नंतर घरामागे पत्र्याची शेड घालून स्वतःचं. पाण्याचे पंप, होड्यांची इंजिनं, आंब्याच्या फवारणीचे पंप. लोक म्हणायचे, आबांकडे न्या, खोलायच्या आधी सांगतील काय झालंय ते. यात जादू काही नाही. लांब डिसमिस घ्यायचा, टोक इंजिनाच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडावर दाबायची, दुसरा कान बंद करायचा आणि ऐकायचं. बाहेर नुसता धडधडाट असतो. आत मात्र एकेक भाग वेगळा बोलतो. बेअरिंग वेगळं, टॅपेट वेगळा, व्हॉल्व्ह वेगळा. ते वेगळं काढायला मला दहा वर्षं लागली, आणि लागली म्हणूनच मला त्याचा गर्व आहे.

मुलगा मुंबईला असतो. घरी मी, सून आणि नातू. नातू तेव्हा नववीत, चौदा वर्षांचा, शाळेच्या कबड्डीच्या संघात. नोव्हेंबरच्या अखेरीला त्याच्या शाळेत तपासणीची गाडी आली. डोळे, दात, वजन, उंची, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब, आणि नळी लावून छाती. संध्याकाळी पोरगा घरी आला तो चिठ्ठी घेऊन. सुनेनं ती दारातच वाचली.

"सिव्हिलला दाखवायचं म्हणतात," ती म्हणाली. "हृदयात जादा आवाज आहे, पुढची तपासणी करावी. पंधरा दिवसांच्या आत."

"आवाज? कसला आवाज?"

"तेवढंच लिहिलंय."

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला वाटलं ते कुतूहल. माझ्या नातवाच्या आत कसला तरी आवाज आहे, आणि तो कुणी परक्यानं ऐकला, मी नाही. मी पोराला पुढ्यात बसवून एकेक विचारलं. नळी कुठे लावली, बोट ठेवून दाखव. किती वेळ? बसवून की झोपवून? तो म्हणाला, डॉक्टर मॅडमनी आधी सगळ्यांना लावली तशीच लावली, पण मग काढेचनात. मग बाकावर डाव्या कुशीवर झोपवलं आणि पुन्हा लावली. श्वास सोड आणि थांब म्हणाल्या. मग बरोबरच्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून त्यांनाही ऐकवलं.

"ते काय म्हणाले?"

"काय नाय. दोघांनी एकमेकांकडे बघितलं."

"त्या बाईंचं वय काय असेल?"

"असेल पंचवीस-सव्वीस."

"माझा डिसमिस तिच्यापेक्षा थोरला आहे," मी म्हटलं.

सून हसली नाही. "बाबा, गेल्या पावसाळ्यात ह्याचे गुडघे सुजले होते. आधी घसा धरला, मग ताप, मग गुडघे. आपण तेल चोळत बसलो."

"वाढीचं वय. माझेही दुखायचे."

"एक बरा झाला की दुसरा सुजायचा. असं वाढीचं दुखतं होय?"

"अगो, कबड्डी खेळतो तो. गुडघे नाय दुखणार तर काय कान दुखणार?"

पोरगा तेवढ्यावर हसला. त्याला हसू यायला कारण होतं. जानेवारीत तालुक्याचे सामने होते आणि सिव्हिलला जाणं म्हणजे खेळ बंद, असं त्यानं मनाशी धरलंच होतं. तो म्हणाला, "आबा, तुम्हीच ऐका ना. तुम्हाला कळेल."

माणसाला डिसमिस लावायचा नसतो एवढं मला कळतं. पण न्हाणीच्या चुलाणापाशी फुंकणी पडलेली असते, लोखंडी, हातभर लांब, आतून पोकळ. सून रोज सकाळी तिनंच विस्तव फुलवते. मी तिच्यातली राख झाडली, पंच्यानं पुसली आणि एक टोक पोराच्या डाव्या छातीवर ठेवून दुसऱ्याला कान लावला. पोरगा मैदानावरून तसाच धावत चढण चढून आला होता. चिठ्ठीसुद्धा त्याच्या घामानं ओली होती. मी डोळे मिटून ऐकलं. धड धड धड धड, एका मापानं, कुठे अडखळ नाही, एक ठोका चुकलेला नाही. एवढ्या जोरात आणि एवढं सरळ चाललेलं इंजिन मी फार वेळा ऐकलेलं नाही.

"काय एक झालेलं नाय," मी सांगितलं. "नव्या मालासारखं चाललंय."

"बघ आई," पोरगा म्हणाला आणि सदरा घालून पुन्हा बाहेर पळाला.

सुनेनं माझ्या हातातली फुंकणी घेतली आणि चुलाणाकडे गेली. चिठ्ठी मी शेडमधल्या गॅस्केटच्या डब्यात टाकली.

पंधरा दिवस झाले तेव्हा शाळेतून बाईंचा फोन आला. मुलाला दाखवलंत का, म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, तुमच्या त्या डॉक्टरणीला म्हणावं, एक दिवस माझ्या शेडमध्ये ये. तीन इंजिनं चालू करून ठेवतो. त्यातलं बिघडलेलं कुठलं ते नळी लावून सांगितलं, तर मी स्वतः पोराला खांद्यावर घेऊन सिव्हिलला जातो."

बाई म्हणाल्या, "आबा, तुम्ही रागावून बोलताय. पण त्या डॉक्टरांनी त्या दिवशी सगळी शाळा तपासली आणि ह्याच्यापाशीच थांबल्या. उगाच थांबल्या असतील का?"

मी फोन ठेवला. पण बाईंनी विचारलेलं डोक्यातून जाईना, आणि त्याच्याहून एक गोष्ट जाईना. त्या डॉक्टरणीनं पोराला डाव्या कुशीवर का झोपवलं? इंजिन ऐकायला आपण ते आडवं पाडत नाही. तिनं उगाच पाडलं नसणार. काहीतरी तिला नीट ऐकू येत नव्हतं, आणि कुशीवर घेतल्यावर आलं. हे शेडमध्ये काम करताना माझ्या मनात येत राहायचं, आणि मी कुणाला विचारणार? विचारायचं तर जावं लागलं असतं, आणि जाणार नाही असं मी सांगून बसलो होतो.

आणखी चार-पाच दिवस गेले. मोहोर फुटायला लागला होता आणि बागायतदारांची घाई सुरू झाली होती. शनिवारी शेजारच्या गावचा एक बागायतदार फवारणीचा पंप टेम्पोत घालून घेऊन आला. इंजिन ओढत नाही म्हणाला. उतरवल्या उतरवल्या त्यानं चालू करून रेस पूर्ण वर नेली, मला दाखवायला.

"बघा आबा, आवाज कसा ठणठणीत आहे. पण जोर म्हणून नाय."

"रेस खाली घे," मी म्हटलं. "अगदी स्लोवर आण. एवढ्या जोरात व्हॉल्व्ह कधी ऐकू येत नाय, सगळे आवाज एकात एक मिसळतात. आणि गरम झालंय ते, थोडं गार होऊ दे."

हे मी गेली पन्नास वर्षं लोकांना सांगत आलोय. सांगताना विचारही करत नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघालं आणि मी डिसमिस हातात धरून तसाच उभा राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे चढण चढून आलेला, घामानं निथळणारा पोरगा होता, आणि त्याच्या छातीला फुंकणी लावून बसलेला मी.

"काय झालं?" बागायतदारानं विचारलं. "इंजिन गेलं काय कायमचं?"

"इंजिनाला काय झालं नाय. सोमवारनंतर ने."

"सोमवारनंतर? आबा, मोहोर थांबतो काय माझ्यासाठी?"

"मग दुसरीकडे ने," मी म्हटलं. तो पंप ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवून पोरगा ओटीवर चटई टाकून पडला होता, मोबाईलवर कबड्डी बघत. मी तासभर त्याला तसाच पडू दिला. मग फुंकणी आणली.

"आबा, पुन्हा?"

"डाव्या कुशीवर हो मेल्या. आणि तो मोबाईल बंद कर."

त्यानं बोटानं दाखवलं होतं तिथेच, डाव्या छातीखाली, मी टोक टेकवलं. श्वास सोड आणि थांब, म्हटलं. आता ठोके सावकाश होते. एक जड ठोका, मग जरा मोकळी जागा, मग एक हलका. पहिल्यांदा मला तेवढंच कळलं. पण कान तिथेच ठेवल्यावर ती मोकळी जागा मोकळी वाटेना. दोन ठोक्यांच्या मधे काहीतरी सरकत होतं, फार बारीक. मी पुन्हा श्वास सोडायला लावला. पुन्हा तेच. माझ्या कानाचा भरवसा मला पन्नास वर्षं होता, पण आता कानही त्र्याहत्तर वर्षांचा. म्हणून मी सुनेला हाक मारली. काय ऐकायचं ते तिला मुद्दाम सांगितलं नाही. नुसतं कान लाव म्हटलं.

तिनं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग मान वर करून म्हणाली, "मधेच कुणी हळू फुंकर घातल्यासारखं येतंय. विस्तव पेटत नसला की आपण घालतो ना, तसं."

पोरगा उठून बसला. "म्हणजे काय? मला खेळता येणार नाय?"

मी सुनेला म्हटलं, "ती चिठ्ठी कुठे आहे?" जशी काही तिनंच कुठे टाकली होती.

ती आत गेली आणि आपल्या पर्समधून चिठ्ठी घेऊन आली. घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली. "ज्या दिवशी तुम्ही डब्यात टाकलीत, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी काढली," ती म्हणाली. "उद्या तुम्ही शेडमध्ये गेलात की ह्याला घेऊन निघणार होते. ह्याच्या बाबांना सांगितलंय फोनवर."

"मला नाय सांगितलंस."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

मला राग आला, थोडा. पण त्या रागात काही दम नव्हता. मी म्हटलं, "सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ. मी पण येतो."

सिव्हिलला केसपेपर काढला, रांगेत बसलो. एका डॉक्टरांनी नळी लावून तपासलं आणि दुपारी दुसऱ्या मजल्यावर इकोला पाठवलं. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी पोराला पहिली गोष्ट विचारली ती अशी: "ह्या महिन्याभरात घसा दुखला होता का?"

सून लगेच म्हणाली, नाही. डॉक्टरांनी पोरालाच पुन्हा विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "मागच्या आठवड्यात दुखला होता. ताप पण होता थोडा. सांगितलं नाय."

"का नाही सांगितलंस?" सून म्हणाली.

"प्रॅक्टिस होती."

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. घशाला एक प्रकारचा जंतू धरतो. अंग त्याच्याशी लढतं, पण काही मुलांच्यात ते लढताना जंतू सोडून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपेवर तुटून पडतं. सांधे बरे होतात. झडप होत नाही. आणि घसा पुन्हा धरला की तेच पुन्हा, दर वेळी झडप थोडी आणखी खराब. वरून पोरगा धावतो, खेळतो, जेवतो. दम लागायला लागतो तो पुष्कळ वर्षांनी, तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून शाळेतच नळी लावून बघायचं.

हे ऐकताना मी पोराच्या गुडघ्यांकडे बघत होतो. तेल मीच आणलं होतं.

मग त्यांनी पोराला डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला कसलंसं थंड मलम लावलं आणि एक यंत्र फिरवायला लागले. पडद्यावर करडं, हलणारं काहीतरी दिसायला लागलं. मी उठून जवळ गेलो. बाहेर बसा असं त्यांनी म्हटलं नाही. दोन पातळ पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. मी पन्नास वर्षं व्हॉल्व्ह काढले, घासले, बसवले, पण बंद इंजिनाचे. चालू इंजिनाचा व्हॉल्व्ह आतून बघायला मला कधी मिळाला नव्हता, आणि बघायला मिळाला तो माझ्या नातवाचा.

"हा इनलेट की एक्झॉस्ट?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "काय काम करता आजोबा?"

"इंजिनं दुरुस्त करतो."

"मग इनलेट समजा. रक्त आत येतं तो." त्यांनी एक बटण दाबलं तसे पडद्यावर निळे-तांबडे रंग आले. मिटलेल्या पाकळ्यांच्या मधून एक बारीक रंगीत धार उलटी मागे जात होती. "ही गळती. पाकळ्यांच्या कडा जाड झाल्यात, पूर्ण मिटत नाहीत. शाळेतल्या डॉक्टरांनी हीच ऐकली."

"घासून बसवता येत नाय?"

"नाही. पण आहे त्यापेक्षा खराब होऊ न देणं आपल्या हातात आहे. सध्या थोडीच आहे."

"ह्या महिन्यात वाढली काय?" मी विचारलं. "चिठ्ठी मिळून तीन आठवडे झाले. मधे घसा धरला. त्यानं वाढली काय?"

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "महिन्यापूर्वीचं चित्र आपल्याकडे नाही. तेव्हा आला असतात तर आज सांगितलं असतं."

ते रागानं बोलले नाहीत. त्यांनी फक्त खरं सांगितलं. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या, त्यातल्या बऱ्याच मी खोलून बघितल्या. ही एक मला कधीच कळणार नाही.

मी त्यांना डाव्या कुशीचं विचारलं. ते म्हणाले, कुशीवर घेतलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, जवळून ऐकू येतं. एवढंच होतं ते. मग त्यांनी विचारलं, मला घरी कसं ऐकू आलं? फुंकणीनं, म्हटलं. ते हसले आणि आपली नळी काढून माझ्या कानांत घातली. आता ती फुंकर स्पष्ट होती, ठोक्याला चिकटून निघणारी आणि दुसऱ्या ठोक्यापर्यंत पोचणारी. शंकेला जागा नव्हती. त्या पंचवीस वर्षांच्या पोरीनं एवढ्या गोंगाटात, बाहेर शंभर मुलं ओरडत असताना, हे पकडलं होतं.

घसा पुन्हा धरू नये म्हणून त्या जंतूविरुद्धचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. आधी थोडं टोचून बघितलं, त्रास होत नाही ना ते. मग पूर्ण दिलं, कमरेत. दर एकवीस दिवसांनी एक, निदान दहा वर्षं, कदाचित पुढेही. एकही चुकवायचं नाही. खेळाचं पोरानं स्वतःच विचारलं. खेळ, पण घसा दुखला तर त्याच दिवशी आईला सांगायचं, असं डॉक्टर म्हणाले. पोरगा लंगडत एसटीत चढला आणि खिडकीशी एका बाजूवर बसला.

"एकवीस दिवसांनी दुसऱ्या बाजूला घे," मी म्हटलं. "म्हणजे लंगडणं समान होईल."

"आबा, तुम्ही घेऊन बघा एकदा," तो म्हणाला.

गाडी गावाजवळ आली तेव्हा सून मागच्या सीटवरून पुढे वाकली. "बाबा, एक सांगायचं होतं. त्याच दिवशी वरच्या वाडीतल्या एका मुलीलाही चिठ्ठी दिली होती. आठवीतली. रक्तदाब जास्त आला म्हणून, दोनदा मोजला तरी. तिची आई मला नळावर भेटली होती. तिनंही नेलेलं नाही."

"का?"

"म्हणाली, आबांनी नातवाला फुंकणी लावून बघितलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली. शाळेवाले उगाच घाबरवतात असं आबांचं म्हणणं आहे, मग आम्ही कशाला धावायचं?"

"मी असं कुणाला म्हटलं?"

"सगळ्यांना म्हटलंत. शेडमध्ये जो येईल त्याला."

मी बाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेड उघडली नाही. चहा घेतला आणि पाखाडीच्या पायऱ्या चढून वरच्या वाडीला गेलो. मधे दोनदा बसलो. त्या घरी मुलगी वेणी घालून शाळेला निघत होती आणि तिची आई अंगण झाडत होती. माझ्याकडून कुणाकडे असं सकाळी जाणं होत नाही, त्यामुळे तिला वाटलं कुणी गेलं.

"कुणी गेलं नाय," मी म्हटलं. "हिची शाळेतली चिठ्ठी आहे ना, ती काढ. आज सिव्हिलला जा."

"आबा, पण तुम्हीच तर म्हणालात, काय नसतं म्हणून."

"म्हणालो. चुकलो मी. नातवाच्या झडपेला गळती आहे. मला ती पहिल्यांदा ऐकू आली नाय आणि मी नाहीच म्हणून बसलो."

तिनं केरसुणी भिंतीला टेकवली. "आज नको, उद्या नेते. आज ह्यांना डबा द्यायचाय."

"मी थांबतो," मी म्हटलं, आणि पडवीत बसलो. तिनं डबा भरला, मुलीला गणवेश बदलायला लावला, फडताळातल्या पुस्तकांतून चिठ्ठी शोधून काढली. सगळ्याला पाऊण तास लागला. मुलीनं मला दोनदा विचारलं, आबा, दंडाला पट्टा बांधतात तेव्हा तो आपोआप घट्ट कसा होतो. मी तिला म्हटलं, आत हवा भरतात, पण मोजतात कसं ते मलाही नीट माहीत नाही, तिथे विचार आणि येऊन मला सांग. मायलेकी पिशवी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा मी उठलो, आणि त्यांच्या पुढे चालत त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत घेऊन गेलो.